डिस्चार्ज बुक वाचता येणारा माणूस जिल्ह्यात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २६ जुलैला आणि ७ डिसेंबरला आपल्या पानांवर आम्हा माजी सैनिकांचे फोटो येतात. शाल, श्रीफळ, मागे बॅनर, पुढे आमदारसाहेब. त्याबद्दल तक्रार नाही. घरची मंडळी ती कात्रणं हौसेनं जपून ठेवतात. आजचं पत्र सत्कार उरकल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. चाळिशीतला धडधाकट माणूस, पोरं शाळा-कॉलेजात, पेन्शन निम्म्या पगाराची, आणि हाताला काम हवंय. तेव्हा त्याचं नक्की काय होतं, हे आपल्या वाचकांना फारसं ठाऊक नसावं.

मी दहावी करून एकोणिसाव्या वर्षी भरती झालो. ई.एम.ई. मिळाली, म्हणजे लष्कराच्या गाड्या, तोफा, रेडिओ, जे जे बिघडेल ते दुरुस्त करणारं दल. माझा ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. आधी रगडा, म्हणजे कवायतीचं खडतर ट्रेनिंग, मग ट्रेडचं ट्रेनिंग, मग युनिटच्या वर्कशॉपमध्ये उस्तादाच्या हाताखाली. ट्रेड टेस्ट देत देत क्लास वनपर्यंत, म्हणजे ट्रेडमधल्या वरच्या श्रेणीपर्यंत पोचलो आणि २४ वर्षं भरल्यावर हवालदार म्हणून पेन्शनवर आलो.

काम कसलं असायचं ते एकदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात पहाटे स्टॅलियन, म्हणजे लष्कराचा ट्रक, सुरू होत नाही. थंडीनं डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो आणि पाइपात हवा शिरते. मग फिल्टर काढा, गरम करा, परत बसवा. एकानं हातपंप मारत राहायचं, दुसऱ्यानं हवा सोडायचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत, डिझेलची सलग धार लागेपर्यंत बघत बसायचं. उघड्या बोटांनी धातू धरला तर कातडी चिकटते आणि हातमोजे घातले तर तो एवढासा स्क्रू धरता येत नाही. मागे कॉन्व्हॉय खोळंबलेला, आणि साहेब दर पाच मिनिटांनी विचारणार, ‘कितना टाइम?’ हे मी एकट्यानं केलेलं नाही, माझ्या ट्रेडच्या प्रत्येकानं केलंय.

पेन्शनवर आल्यावर एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये अर्ज दिला. फॉर्मवर रकाना होता : आयटीआय, डिप्लोमा की पदवी. मुलाखत घेणारा मुलगा सज्जन होता. त्यानं माझं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक, पुढून मागून चाळलं. त्यात ट्रेड लिहिला होता, केलेले कोर्स लिहिले होते, शेवटी चारित्र्य ‘एक्झम्प्लरी’ असा शेरा होता. तेवढा शेरा त्यानं मोठ्यानं वाचला. मग म्हणाला, ‘‘काका, सगळं ठीक आहे, पण आयटीआयच्या सर्टिफिकेटचा नंबर काय टाकू? त्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.’’ आत जाऊन बोलून आला आणि म्हणाला, सिक्युरिटीला जागा आहे, एक्स-सर्व्हिसमन म्हटल्यावर उद्यापासून होईल.

घरी बसून डोकं फिरण्यापेक्षा बरं, म्हणून केली. वर्कशॉपच्याच गेटवर उभा होतो. आत कुठल्या इंजिनाचं कुठलं सिलिंडर मिस मारतंय ते गेटवर ऐकू यायचं. सांगायला जायचो नाही. वर्दीतल्या वॉचमननं मेकॅनिकला शिकवलेलं कुणाला आवडत नाही.

चौकीदारी हलकी असं मी म्हणत नाही. आमच्या भागातली कितीतरी घरं त्यावर उभी आहेत. राज्याचं माजी सैनिक महामंडळ, ज्याला आपण मेस्को म्हणतो, तेही आमच्या लोकांना मुख्यतः सुरक्षारक्षक म्हणूनच कामाला लावतं. दिल्लीचं डीजीआर, म्हणजे पुनर्वसनाचं महासंचालनालय, तेही सिक्युरिटी एजन्सींची यादी ठेवतं. बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन बसलेला माणूस बहुधा आमचाच असतो. ही वाट मळलेली आहे, तिच्यावर कागद पटापट सरकतात. खटकतं ते एवढंच की रेडिओ दुरुस्त करणारा, पूल बांधणारा, एक्स-रे काढणारा, हजार माणसांच्या रेशनचा हिशेब ठेवणारा, हे सगळे त्याच एका वाटेनं त्याच एका गेटवर येऊन पोचतात. त्यांना घडवायला सरकारनं केलेला खर्च तिथंच संपतो.

‘आरक्षण आहे ना तुम्हाला’ असं लोक म्हणतात. आहे. केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के. सार्वजनिक उपक्रमांत साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के. महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच आमच्यासाठी ठेवलेल्या जागा. वयात सेवेचा काळ अधिक तीन वर्षं अशी सूट. शिवाय एक नियम असा की १५ वर्षं सेवा झालेला आणि दहावी पास किंवा लष्कराचं शिक्षणाचं स्पेशल सर्टिफिकेट असलेला माजी सैनिक, पदवी लागणाऱ्या गट क च्या पदालाही अर्ज करू शकतो. बँकांच्या क्लार्क भरतीच्या जाहिरातीत हे असतं, राज्याच्या जाहिरातींतही असतं. कागदावर आमच्याइतकी सवलत क्वचितच कुणाला असेल.

पण अर्ज करता येणं वेगळं आणि पेपर सुटणं वेगळं. माझा एक वर्गमित्र मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून आला. इन्फंट्रीवाला, म्हणजे पायदळातला, त्याला माझ्यासारखा ट्रेडही नाही. त्यानं तलाठ्याचा फॉर्म भरला. पेपरात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, गणित-बुद्धिमत्ता. गणितानं तो घाबरला नाही. घाबरला मराठीला! वीस वर्षं दिवसभर हिंदी बोललेला माणूस. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात कुठला प्रयोग, हे त्याला त्याची दहावीतली मुलगी शिकवत होती. मी गेलो तेव्हा दोघं एकाच चटईवर वह्या पसरून बसलेली. बाप तत्पुरुष आणि बहुव्रीहीत गोंधळ करतोय आणि पोरगी त्याला त्याच्याच कडक आवाजात ‘परत’ म्हणतेय. थोडक्या गुणांनी हुकलं त्याचं. समांतर आरक्षणाच्या जागेला माजी सैनिक मिळाला नाही की ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवारानं भरली जाते. म्हणजे आमच्या जागा कुणी हिसकावून घेत नाही, आम्हीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

मग नोकरीत असतानाच का शिकला नाहीत, हा पुढचा प्रश्न. शिकणारे शिकतात. आमच्या शेजारचे एअर फोर्समधले दादा पदवी घेऊन, बँकेची परीक्षा देऊन आले आणि आज क्लार्कचे अधिकारी झालेत. त्यांची हुशारी आहेच, पण त्यांना संध्याकाळही मिळायची. स्टेशन बऱ्यापैकी ठरलेलं, खोलीत दिवा, जवळ शहर. इन्फंट्रीच्या किंवा आमच्यासारख्या फील्डमधल्या युनिटचं तसं नसतं. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत भरायचा आणि पुस्तकांचं पार्सल ५६ एपीओ या लष्करी टपालातून फिरत फिरत येईपर्यंत युनिट डोंगरावर चढलेलं असायचं. परीक्षेच्या तारखेला सुट्टी मिळणं साहेबांच्या मर्जीवर, आणि साहेबांची मर्जी सीमेवर काय चाललंय त्यावर. तरी इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठानं लष्करासाठी स्वतंत्र केंद्रं काढली होती, हे मान्य करायला हवं. प्रमोशनसाठी आम्ही मॅप रीडिंग आणि शिक्षणाच्या परीक्षा द्यायचो, एज्युकेशन कोअरचे मास्तर जीव तोडून शिकवायचे. त्या परीक्षांचा बाहेर कुणी हिशेब धरत नाही.

डीजीआरचे कोर्स असतात, तेही सांगतो. सेवेच्या शेवटच्या टप्प्यात काही आठवड्यांचा कोर्स करता येतो, जवानाला आणि जेसीओला, म्हणजे सुभेदार वगैरेंना, फी पडत नाही. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत सहा महिन्यांचे व्यवस्थापनाचे कोर्स आहेत. त्यांनी ते जरूर करावेत. आमच्या वाट्याला आलेल्या यादीत मात्र माझ्या ट्रेडच्या पुढचं असं काही मला दिसलं नाही. शेवटच्या वर्षात माणसाचं चित्त पेन्शनच्या कागदांत, घराच्या स्लॅबमध्ये आणि मुलांच्या ॲडमिशनमध्ये अडकलेलं असतं. समोर येईल त्या कोर्सवर टिक करून तो मोकळा होतो. हे सेवेच्या दहाव्या-बाराव्या वर्षी विचारलं पाहिजे.

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

गेटवर असताना एका आयटीआयच्या निदेशकांनी, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या मास्तरांनी, मला सांगितलं की अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून ट्रेडच्या परीक्षेला बसता येतं. ही गोष्ट मला ना निरोपाच्या वेळी कुणी सांगितली, ना परतल्यावर. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. मी सिलॅबस मागून घेतला, रात्रीच्या ड्युटीला वाचला. प्रॅक्टिकलची यादी वाचताना हसू येत होतं. इंजिन उघडणं, व्हॉल्व्ह बसवणं, पंपाचं टायमिंग, क्लच, ब्रेक, सगळं हातातलं. पण त्याच सिलॅबसमध्ये इंजिनीअरिंग ड्रॉइंग आहे, थर्ड अँगल प्रोजेक्शन आहे. मी आयुष्यात ड्रॉइंगची टी-स्क्वेअर पट्टी धरली नव्हती. वर्कशॉप कॅल्क्युलेशन आहे. आणि मुख्य म्हणजे सेन्सर, ईसीयू, कॉमन रेल, म्हणजे नव्या इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक्स. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक लागू झालं. आता दोष इंजिनाच्या आवाजावरून कमी आणि स्कॅनर लावून जास्त शोधतात. आमच्या जुन्या स्टॅलियनला स्कॅनर कुठला?

म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाचं सगळंच चुकलं नव्हतं. मला बरंच येत होतं आणि थोडं येत नव्हतं. त्या ‘थोड्या’साठी काही आठवडे पुरले. त्या निदेशकांनी संध्याकाळी थांबून ड्रॉइंग शिकवलं, अठरा वर्षांच्या पोरांनी स्कॅनर दाखवला. पास झालो. आज एका खासगी आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर शिकवतो. तासाचे पैसे सांगण्यासारखे नाहीत, पण हात काळे होतात ते कामाच्या ग्रीसनं.

हे माझ्या बाबतीत योगायोगानं झालं. तो निदेशक गेटवर चहाला थांबला नसता तर आजही मी तिथंच शिट्टी वाजवत असतो. अशी कामं योगायोगावर सोडायची नसतात. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या जवानांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज ती खडकीला आहे आणि अजून अपंग जवानांना धंदा शिकवते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं त्यांच्याकडे ना संगणक होता ना कौशल्य विकास विभाग.

माझं मागणं पैशाचं नाही, नव्या योजनेचंही नाही. राज्य सरकारनं माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, त्याबद्दल आभार. आता एवढं करावं : महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक टेबल मांडावं. त्यावर त्या ट्रेडचा निदेशक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा एक माणूस आणि त्याच ट्रेडचा एखादा निवृत्त जेसीओ किंवा हवालदार. समोरच्याचं डिस्चार्ज बुक उघडायचं, त्यातला प्रत्येक कोर्स वाचायचा, मग त्याला वर्कशॉपमध्ये नेऊन हातात पाना द्यायचा. काय येतं, काय येत नाही, ते एका कागदावर लिहून द्यायचं. जे येत नाही तेवढंच शिकवायचं, संध्याकाळी, जेव्हा ती यंत्रं रिकामी असतात. मग परीक्षा सगळ्यांसारखीच. गुणांची सूट नको. कौशल्य विभागाकडे आधीच्या शिकण्याला मान्यता देण्याची पद्धत आहेच. ती बांधकामाच्या मिस्त्रीला लागू होते, तर सिग्नल्सच्या, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलाच्या, लाइनमनला का नाही?

तालुक्यात म्हणतोय कारण जिल्ह्याचं कार्यालय आम्हाला लांब पडतं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर. लष्कराच्या कँटीनला आम्ही बेळगावला जातो, ते जवळ, पण राज्य वेगळं. एका शिक्क्यासाठी कोल्हापूरची एसटी धरायची म्हणजे दिवस गेला.

आणि इथं काम नाही असं कुणी म्हणू नये. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ट्रक रात्रंदिवस पळतात आणि रात्री दोनला बंद पडतात. काजूच्या कारखान्यांत बॉयलर आहेत, मोटारी आहेत. हलकर्णी आणि गडहिंग्लजच्या एमआयडीसीत माणसं मागतात. मागतात ती कागदासकट.

हे आत्ताच का लिहितोय, त्याला कारण आहे. अग्निपथ योजना, म्हणजे चार वर्षांसाठीची सैन्यभरती, जून २०२२ मध्ये आली. पहिली पोरं २०२२ संपताना आणि २०२३ उजाडताना ट्रेनिंगला गेली. चार वर्षं मोजा. पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढं ठेवणार, बाकीची घरी येणार. आमच्यासारखी चाळिशीत येणार नाहीत, बावीस-पंचविशीत येतील. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवा निधी म्हणून व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजार रुपये आणि एक कौशल्य प्रमाणपत्र. मघाशी सांगितलेला १५ वर्षांचा नियम त्यांना लागू व्हायचा प्रश्नच नाही, कारण त्यांची सेवाच चार वर्षांची. केंद्रीय पोलीस दलांत त्यांना राखीव जागा जाहीर झाल्यात, त्या ज्यांना मिळतील त्यांना मिळतील. दहावीवर गेलेल्यांना मुक्त विद्यालयामार्फत बारावीचं प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. इग्नूची खास पदवीही आहे, तिचे निम्मे गुणांक लष्करातल्या प्रशिक्षणाचे धरतात. हे चांगलं झालं. आमच्या वेळी हे असतं तर मी नक्की केलं असतं.

पण पदवीचा कागद आणि ट्रेडचा कागद यांची कामं वेगळी. बी.ए.वर तो तलाठ्याच्या परीक्षेला बसेल, जिथं एकेका जागेमागे झुंड आहे. गॅरेजमध्ये, कारखान्यात, वीज कंपनीच्या ठेकेदाराकडे त्याला त्या सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाचाच प्रश्न येणार : नंबर काय टाकू? त्याच्या कौशल्य प्रमाणपत्रावर जे लिहिलेलं असेल ते इथल्या आयटीआयच्या कुठल्या ट्रेडच्या कुठल्या भागाशी जुळतं, हे तो गावात पोचण्याआधी ठरलेलं असायला हवं. तेही प्रामाणिकपणे. त्यांचं ट्रेनिंग आमच्यापेक्षा आखूड आहे, आणि चार वर्षांत माणूस क्लास वन मेकॅनिक होत नाही. सगळं येतं असं धरून सर्टिफिकेट वाटली तर पहिल्याच ब्रेक फेल झालेल्या गाडीनंतर आम्हा सगळ्यांचीच पत जाईल. म्हणून पाना हातात देऊन तपासा म्हणतो.

सेवा निधीवर आतापासून डोळा ठेवून असलेले लोक गावोगाव आहेत. कुणी अकॅडमी काढ म्हणतं, कुणी जेसीबी घे म्हणतं, कुणी प्लॉट दाखवतं. भरतीच्या अकॅडम्या आमच्याकडे आधीच रस्त्यारस्त्यावर आहेत. पोरगं आत घालायला हजार मास्तर, बाहेर आल्यावर वाट दाखवायला एकही नाही. त्या पोराच्या आईबापानं तरी पैसे हातात पडल्यावर सहा महिने कुठंही सही करू नये, हे आपल्या दैनिकातून जरा मोठ्या अक्षरात छापता आलं तर पाहावं.

माझ्यासारखे वेगवेगळ्या ट्रेडचे काही निवृत्त लोक चंदगड, आजरा, गडहिंग्लज या तीन तालुक्यांत आहेत. व्हेईकल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सिग्नल्सचे दोघे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला एक प्लांट ऑपरेटर. मी त्यांच्याशी बोललोय. महिन्यातला एक दिवस, मानधन न घेता, आम्ही त्या टेबलावर बसायला तयार आहोत. चहा आमचा आम्ही आणू. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी आणि आयटीआयचे प्राचार्य यांच्यापर्यंत आपल्या अंकामुळे हे पोचलं, तर तारीख त्यांनी कळवावी. ऊस तोडीच्या दिवसांत शक्यतो रविवार धरावा, कारण आमच्यातल्या दोघांची स्वतःची तोड असते.

आपला,
एक निवृत्त हवालदार (ई.एम.ई.)
ता. चंदगड, जि. कोल्हापूर

ता. क. : मी तासिका तत्त्वावर आहे आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर अजून आलेली नाही, तेव्हा कृपया नाव छापू नये. पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर जोडला आहे.